नववं पान

१

सोमवारी सकाळी साडेदहाला क्रीडा निधीच्या कार्यालयातून फाइल परत आली आणि पोहण्याच्या तलावावरच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. यातला विनोद त्या वेळी कुणाच्याच लक्षात आला नाही.

फाइलला जोडलेलं पत्र जेमतेम चार ओळींचं होतं. अर्जातलं पान क्रमांक नऊ सापडत नाही. अपूर्ण अर्जाचा विचार केला जात नाही. कार्यवाहांच्या सहीचं पान, आणि ते का नव्हतं याचा लेखी खुलासा, बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत द्यावा. नाहीतर अर्ज रद्द समजावा.

अर्ज रद्द म्हणजे तलावच रद्द. पाणी गाळायचं यंत्र बावीस वर्षांचं होतं, आणि नवीन यंत्र बसवल्याशिवाय पुढच्या महिन्यापासून कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका, असं आरोग्य खात्याने बजावलं होतं. क्लबचे सभासद एकशे साठ, त्यातली निम्मी मुलं. वर्गणीतून यंत्र येणं सात जन्मांत शक्य नव्हतं. वस्तीतल्या क्रीडा क्लबांना मदत करणारा हा एक निधी होता आणि त्याच्याकडे वर्षातून एकदाच अर्ज करता यायचा.

"मावशी, गुरुवारी तूच पानं मोजली होतीस ना?" प्रशिक्षकाने विचारलं.

"दोनदा," मावशी म्हणाल्या.

मावशी त्याच्या सख्ख्या मावशी, म्हणून अख्ख्या क्लबाच्याच मावशी. नोकरी विमा कंपनीत. जळालेली दुकानं खरंच जळाली की जाळली, हरवलेले ट्रक हरवले की विकले, हे शोधण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर भाच्याने त्यांना अर्ज लिहायला बसवलं. कोणता निधी मुलींच्या खेळाला पैसे देतो, कोणता फक्त साहित्याला देतो, कोणाला दुरुस्ती हा शब्दसुद्धा खपत नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. आतापर्यंत सहा अर्ज केले, त्यातले दोन मंजूर झाले. या सातव्यात त्यांनी जीव ओतला होता.

नववं पान पुन्हा छापायला दोन मिनिटं लागली असती, कारण ते मावशींच्या संगणकात होतंच. पण कार्यवाह हाताची घडी घालून उभे राहिले.

"चोर सापडल्याशिवाय मी सही करणार नाही," ते म्हणाले. "आणि चोर कोण, ते मला माहीत आहे. पंपवाल्याला आजच्या आज काढून टाका."

२

कार्यवाह बँकेतून निवृत्त झाले होते, पण बँक काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. खिशात छोटी प्लास्टिकची पट्टी असे आणि वर्तमानपत्रातल्या बातम्यासुद्धा ते पट्टी धरून अधोरेखित करत.

मावशींनी फाइल टेबलावर उघडली. आठनंतर एकदम दहा. मध्ये टॅगमध्ये अडकलेली बोटभर रुंदीची कागदाची पट्टी तेवढी उरली होती. म्हणजे टॅग सोडून पान काढलेलं नव्हतं, ते फाडलं होतं. हाताने ओढलं असतं तर कड वाकडी गेली असती, पात्याने कापलं असतं तर गुळगुळीत आली असती. ही कड सरळसोट होती, पण किंचित केसाळ. कागदावर काहीतरी कडक दाबून पान ओढलं होतं. क्लबची प्रत काढून पाहिली तर तिच्यातही नववं पान नव्हतं, आणि तिथेही तशीच पट्टी.

"तुम्ही सह्या कुठे केल्या?" मावशींनी विचारलं.

"पासाच्या खिडकीवर. गुरुवारी सकाळी तुम्ही पिशवी तिथे ठेवलीत, दोन्ही प्रती. मी पोहून आलो आणि तिथेच उभ्याने सह्या केल्या."

"नवव्या पानावर?"

"प्रत्येक पानावर. खाली उजवीकडे."

"काय होतं त्या पानावर?"

कार्यवाह गडबडले. "मी सही करतो, वाचत नाही. वाचायचं काम तुमचं."

"खरं सांगा. हा अर्ज तुम्हाला आवडला होता का?"

"नव्हता," ते फटकन म्हणाले. "लोकांपुढे हात पसरायचे, ते मला पटत नाही. आणि प्रकल्पप्रमुख म्हणून तुमच्या भाच्याचं नाव. पंधरा वर्षं हा क्लब मी सांभाळतोय, आणि नाव त्याचं!"

खिशातून डोकावणारी पट्टी मावशींना दिसत होती. विम्याच्या धंद्यातली पहिली शिकवण त्यांच्या हाडीमासी खिळली होती: आग लागली की आधी बघायचं, भलं कुणाचं झालं. कार्यवाहांचा राग खरा होता आणि पट्टीही खरी होती. पण कोडं सुटल्यासारखं वाटत नव्हतं.

३

पंपवाले यंत्राच्या खोलीत होते. तिथला आवाज असा की शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागे.

"मला काढणार म्हणे?" ते ओरडले.

"नवीन यंत्र आपोआप चालतं. तुमची नोकरी जाईल म्हणून तुम्ही पान काढलंत, असं कार्यवाहांचं म्हणणं आहे."

पंपवाल्यांनी हात पुसले आणि भिंतीवरच्या खिळ्याला लावलेला कागद काढून पुढे केला. नवीन यंत्र चालवायच्या शिक्षणाचा दाखला होता तो. तीन रविवार, स्वतःच्या खर्चाने.

"यंत्राची किंमत कुणी मागवली? मीच," ते म्हणाले. "बाराव्या पानावर आहे ती. अर्ज बुडवायचा असता तर बारावं फाडलं असतं की! नवव्याशी माझं काय वैर?"

मावशींनी मान डोलावली. "गुरुवारी तुम्ही खिडकीपाशी गेला होतात?"

"चहाला जातो की रोज. पिशवी पाहिली. खिडकीताईच्या मांडीपाशी होती."

खिडकीताई म्हणजे तलावाच्या दारातल्या खिडकीत बसणाऱ्या बाई. पास देणं, चपला मोजणं, मुलांच्या हरवलेल्या टॉवेलांवरून आयांची बोलणी खाणं, हे सगळं त्यांच्याकडे. नऊ वर्षं झाली त्यांना. त्यांची मुलगी क्लबातली सगळ्यात चांगली पोहणारी. मावशी त्यांच्याकडे गेल्या तेव्हा खिडकीपुढे रांग होती. पासच्या छापील कागदावर स्टीलची पट्टी दाबायची, खस्सकन ओढायचं, पास पुढे सरकवायचा. बोलतानाही हात चालूच होते.

"पिशवी दिवसभर माझ्यापाशी होती," त्या म्हणाल्या. "कार्यवाह आले, सह्या करून गेले. पंपवाले चहा पिऊन गेले. शुक्रवारी सकाळी प्रशिक्षक सर येऊन घेऊन गेले."

"मध्ये कुणी हात लावला?"

"दुसऱ्या कुणी लावला असता तर मला दिसलं असतं ना, ताई?"

मावशींना ते पटलं. राखणदारानेच ग्वाही दिल्यावर अजून काय हवं? त्या निघाल्या आणि थेट भाच्याच्या खोलीत शिरल्या. भाचा खोलीत नव्हता. टेबलाचा खण अर्धवट उघडा होता आणि वरच एका हॉटेलच्या पत्रावर ठळक अक्षरांत छापलं होतं: आमच्या जलतरण विभागाचे प्रमुख म्हणून रुजू होण्याबाबत.

४

"नाही सांगितलं तुला," भाचा म्हणाला. त्याचा चेहरा लहानपणी काचेची बरणी फोडल्यावर व्हायचा तसाच झाला होता. "अर्ज नामंजूर झाला तर जायचं ठरवलं होतं. घरी दोन पोरं आहेत, मावशी. पण पान मी का काढू? फाइल मीच नेऊन दिली. बुडवायचंच असतं तर उशिरा पोचलो असतो, आणि बस चुकली म्हणून सांगितलं असतं."

हेही खरं होतं. कार्यवाहांनाही अर्ज बुडवायचा असता तर त्यांनी सहीच केली नसती, कुणाच्या बापाची भीती होती त्यांना! या तिघांपैकी प्रत्येकाकडे अर्ज बुडवायचा सोपा रस्ता होता. पान फाडायचा खटाटोप कुणालाच करायची गरज नव्हती.

"शुक्रवारी निघताना पिशवी उघडलीस?"

"नाही. खिडकीताईंशी दोन मिनिटं बोललो आणि पळालो. त्यांनीच गुरुवारी विचारलं होतं, निधीची समिती येते ती कुणाकुणाला भेटते. मी म्हटलं, नवव्या पानातल्या मुलीला तर भेटणारच. प्रत्येक क्लबात भेटतात ते. शेजारी बसवून तिच्याच तोंडून गोष्ट ऐकतात." तो थोडा हसला. "तूच शिकवलंस ना मला. आकडे सगळेच देतात. एक खरी गोष्ट द्या, खऱ्या माणसाची. वाचणाऱ्याचे डोळे भरले पाहिजेत."

मावशी खुर्चीवर बसल्या. फाइल आल्यापासून त्या कोण, कोण म्हणून सगळ्यांच्या मागे लागल्या होत्या. पानावर काय, हे त्यांनी एकदा कार्यवाहांना विचारलं, तेही त्यांना पकडायला. स्वतःला विचारायची गरजच वाटली नव्हती, कारण ते पान त्यांनीच लिहिलं होतं.

५

मंगळवारी दुपारी तलाव बंद असतो. घरी संगणकापुढे बसून मावशींनी नववं पान उघडलं आणि पहिल्यांदाच ते दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांनी वाचलं.

एक सात वर्षांची मुलगी. आई शिवणकाम करणारी, एकटी, कर्जाने आणि घरच्यांच्या बोलण्याने पिचलेली. एके संध्याकाळी मुलीला तलावाच्या पायरीवर बसवून ती स्टेशनावर जाते आणि परत न यायच्या इराद्याने आगगाडीत बसते. तलाव त्या मुलीला दोन तास सांभाळतो. प्रशिक्षक तिला उथळ पाण्यात उतरवतात. आज पंधराव्या वर्षी तिच्याकडे बटरफ्लायचं जिल्हा पदक आहे. शेवटून दुसरी ओळ: आई त्याच रात्री परतली.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका बंद दुपारी खिडकीताईंनी हे सांगितलं होतं. चहा गार होऊन गेला होता. सांगताना त्या एकदाही रडल्या नव्हत्या, आणि शेवटी म्हणाल्या होत्या, "कुणालाच सांगितलं नाही हे. तुम्हाला का सांगितलं, कोण जाणे."

अर्ज लिहिताना मावशींना हे आठवलं होतं. म्हणूनच तर त्यांनी नावं बदलली, बसची आगगाडी केली, खिडकीवरच्या बाईला शिवणकामाला बसवलं. वय आणि पदक मात्र ठेवलं, कारण समिती ते तपासते. त्यांना वाटलं होतं, झाली लपवालपवी. तीस वर्षं लोकांच्या बनावट कागदांतून खरं हुडकून काढणाऱ्या बाईला, आपला कागद दुसरा कुणी किती सहज ओळखेल, हे दिसलं नव्हतं.

आता सगळं जागच्या जागी बसलं. फाडणाऱ्याला अर्ज बुडवायचा नव्हताच. बुडवायचा असता तर दुसरं कुठलंही पान चाललं असतं. त्या व्यक्तीला एवढंच हवं होतं की हे एक पान कुणी वाचू नये. म्हणून दोन्ही प्रतींतून तेवढंच काढलं आणि बाकीचं जपून पिशवीत ठेवलं. एक पान गेलं की सगळाच अर्ज जातो, हे अर्जात मुरलेल्या तिघांना पक्कं ठाऊक होतं. खिडकीताईंना ते कळायला काही मार्ग नव्हता. आणि सरळ, केसाळ कडेचे कागद त्या दिवसाला शंभर फाडत होत्या.

मावशींनी पायांत चपला सरकवल्या. रस्ताभर त्यांना वाटत होतं की आपलं चुकत असेल तर बरं.

६

खिडकी बंद होती. आत खिडकीताई उद्याचे पास मोजून ठेवत होत्या. मावशींना पाहून त्यांनी पट्टी खाली ठेवली.

"फाडून टाकलं," त्या आपणहूनच म्हणाल्या. "दोन्ही. बारीक तुकडे करून."

"मला एकदा म्हणाला असतात तर..."

"तर तुम्ही म्हणाला असता, गोष्ट फार चांगली आहे, राहू द्या."

मावशी अगदी तसंच म्हणाल्या असत्या.

"मी नावं बदलली होती," त्या म्हणाल्या.

"नावं बदललीत. बस बदललीत. आपल्या क्लबात बटरफ्लायचं पदक किती जणींकडे आहे, ताई?" खिडकीताईंचा आवाज चढला नाही. "कार्यवाहांनी सह्या करून पिशवी सरकवली, तर फाइल त्याच पानावर उघडी राहिली. मी सहज वाचायला लागले. तिसऱ्या ओळीला मला कळलं की ही मी आहे. पोरीला अजून वाटतं की त्या दिवशी बस बंद पडली होती. आठ वर्षं मी तेच सांगतेय. आणि समितीतली माणसं तिला शेजारी बसवून विचारणार, बाळ, तुझी आई तुला सोडून गेली तेव्हा तुला कसं वाटलं?"

"माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मी गेले नव्हते, ताई. तिसऱ्या थांब्यावर उतरले. धावत आले, चप्पल तुटली ती हातात घेऊन. तुम्हाला मी ते सगळं सांगितलं होतं. तुम्ही जाणं अर्धं पान लिहिलंत आणि येणं एका ओळीत."

मावशींना विमा कंपनीतली सगळी बोलकी माणसं आठवली, ज्यांच्याकडून त्यांनी गोड बोलून गोष्टी काढून घेतल्या होत्या. ते काम होतं. इथे तर त्या मैत्रीण म्हणून बसल्या होत्या, आणि हात आपोआप तेच काम करत होता. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज कुठे ठेवावी हे कळेना.

"एका पानाने अख्खा अर्ज बाद होतो हे मला ठाऊक नव्हतं," खिडकीताई म्हणाल्या. "तलाव बंद झाला तर तिचं पोहणं संपलं. मी माझ्याच हाताने पोरीच्या पायावर कुऱ्हाड मारली. आणि वर पंपवाल्यांची नोकरी. उद्या मी सगळ्यांसमोर सांगणार आहे."

"काय सांगणार? पान का फाडलं, ते?"

खिडकीताईंनी पासांचा गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतला.

"तुम्ही काही सांगायचं नाही," मावशी उठत म्हणाल्या. "पान नाहीसं कसं झालं याचा खुलासा मला लिहायचाय. तो मीच लिहीन."

७

बुधवारी बाराला सगळे क्लबच्या कार्यालयात जमले. मावशींनी उभं राहून सांगितलं, "पान मी काढायला लावलं. त्यात मी एका माणसाची गोष्ट त्याला न विचारता लिहिली होती. ते पान पाठवण्यासारखं नव्हतं."

"मग दोन दिवस तपास कसला चालला होता?" कार्यवाह ओरडले.

"चूक कुणाची ते शोधायला तेवढे दिवस लागले."

"मी एका गरीब माणसाला चोर म्हणालो!"

"ते मात्र तुमचं तुम्ही निस्तरा."

कार्यवाह पंपवाल्यांकडे वळले, काहीतरी पुटपुटले, आणि पंपवाल्यांनी ते मान्य केल्यासारखी मान हलवली. मग मावशींनी नवीन नववं पान काढलं. आदल्या संध्याकाळी त्या यंत्राच्या खोलीत जाऊन बसल्या होत्या. वीस वर्षं पाणी साफ करणाऱ्या या माणसाला स्वतःला पोहता येत नव्हतं, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी तो सहा वर्षांच्या पोरांबरोबर उथळ बाजूला शिकायला उतरला होता. लिहून झाल्यावर मावशींनी त्यांना ते वाचून दाखवलं, दोनदा, यंत्र बंद करून. पंपवाले म्हणाले, "सगळं ठीक आहे, फक्त ते सुटलेल्या पोटाचं काढा." मावशींनी काढलं.

कार्यवाहांनी या वेळी पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि मग सही केली. प्रशिक्षक चार वाजून दहा मिनिटांनी निधीच्या कार्यालयात पोचला, आणि खुलासा वाचणाऱ्या कारकुनाने भुवया उंचावल्या, पण शिक्का मारला.

दीड महिन्याने समिती येऊन गेली. पंपवाल्यांनी त्यांना यंत्राच्या खोलीत नेऊन इतकं हसवलं की ती माणसं दुसऱ्या कुणाला भेटायचं विसरली. क्लबला अनुदान मिळालं. आरोग्य खात्याने आधीच तीन महिन्यांची मुदत वाढवून दिली होती, तेवढ्यात नवीन यंत्र बसलं. मंजुरीच्या पत्राची प्रत घरी आली त्या सकाळी मावशी कुणालाही फोन न करता आधी खिडकीकडे गेल्या. रांगेत उभ्या राहिल्या. पाण्यात खिडकीताईंची मुलगी लांबच लांब फेऱ्या मारत होती, आणि तिच्याकडे पाहताना मावशींना वाटलं की आता सगळं ठीक होईल.

त्यांचा नंबर आला. "मंजूर झालं," त्या म्हणाल्या.

"कळलं. सरांनी सांगितलं." खिडकीताईंच्या बोलण्यात राग नव्हता. रोज दोनशे माणसांशी बोलताना असतो तसाच आवाज होता. "बरं झालं. मुलांची सोय झाली."

"दुपारी थांबू का? चहाला?"

"दुपारी मी घरी जाते हल्ली."

मावशी तिथेच उभ्या राहिल्या. अजून काहीतरी बोलायचं होतं, पण ते बोलायचा हक्क आपण घालवून बसलो आहोत हे त्यांना कळत होतं.

"पास काढायचाय का?" खिडकीताईंनी विचारलं.

"नाही."

"मग जरा बाजूला व्हा. मागे माणसं उभी आहेत."

मावशी बाजूला झाल्या.